लाइन आहे का?

मंत्रालयात दोन प्रकारची माणसं जातात. एकांची आत लाइन असते, दुसरी बाहेर लाइनीत असतात.

पहिल्या प्रकारचा माणूस गाडीतून उतरतो, फोनवर ‘आलोय खाली’ एवढंच म्हणतो आणि थोड्याच वेळात साहेबांच्या केबिनमध्ये चहा घेत बसलेला असतो. दुसऱ्या प्रकारचा माणूस रात्रीच्या गाडीनं मुंबईत उतरलेला असतो. पिशवीत अर्जाची झेरॉक्स, झेरॉक्सवर मागच्या खेपेचा आवक शिक्का, सोबत फडक्यात बांधलेल्या पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी. सकाळी लवकर येऊन उपयोग नसतो, कारण सर्वसामान्य अभ्यागताला आत सोडतात दुपारी. अलीकडे त्याच्यासाठी ॲप काढलंय, दारावर चेहरा ओळखणारं यंत्र बसवलंय. छान झालं. पण काम व्हायला चेहरा ओळखणारा माणूस लागतो, आणि तो अजून डाउनलोड होत नाही.

याच इमारतीत हेलपाटे घालून थकलेल्या माणसांनी जीव द्यायचे प्रकार सुरू झाले, तेव्हा २०१८ साली सरकारनं तातडीनं उपाय केला. मधल्या चौकात जाळी बांधली. हेलपाटे होते तसेच राहिले, खाली पडायची सोय तेवढी बंद झाली.

‘माझी लाइन आहे’ आणि ‘मी लाइनीत आहे’ यांत फरक एका प्रत्ययाचा. सप्तमी विभक्तीनं मराठी माणसाचं एवढं नुकसान दुसऱ्या कुठल्या शब्दात केलेलं नाही. साहेबाच्या देशात रांगेला ‘क्यू’ म्हणतात. आपण क्यू घेतला नाही, लाइन घेतली. आणि मग रूळ, तार, नळ, चाळ, प्रेम, पेशा, पक्ष, देव असं सगळं घर त्या एका दोरीवर वाळत घातलं. अर्थ बदलत गेले, नियम मात्र कुठंच बदलला नाही: ज्याची लाइन असते, त्याला लाइनीत उभं राहावं लागत नाही. पडताळून बघा.

सिव्हिल आणि पोलीस

इंग्रजी अमदानीत पलटणीच्या राहायच्या जागेला लाइन्स म्हणत. मुंबईचं मरीन लाइन्स स्टेशन तिथल्या मरीन बटालियन लाइन्सवरून नाव घेऊन बसलंय. पलटण गेली, नाव राहिलं.

नागपूरला सिव्हिल लाइन्स आहे. मोठी झाडं, मोठी आवारं, आवाराच्या मानानं लहान दिसणारे पण आत गेल्यावर न संपणारे बंगले. १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे वर्षातून एक अधिवेशन तिथं भरवायचं असतं, म्हणून हिवाळा आला की रामगिरी, देवगिरी या बंगल्यांना आणि त्यांच्या भावकीला रंग लागतो. पडदे बदलतात. काही दिवस राज्य तिथून चालतं, मग पडदे पुन्हा धूळ खायला मोकळे.

आता गावोगावची पोलीस लाइन बघा. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, पडवीत पाण्याचं पिंप, पिंपावर वाळत टाकलेली खाकी पँट. पावसाळ्यात छत गळतं म्हणून कॉटवर प्लास्टिकचा कागद. या लाइनीतला हवालदार त्या लाइन्समधल्या बंदोबस्ताला जातो आणि फाटकावर बारा तास उभा राहतो. एकवचनात राहणाऱ्यानं अनेकवचनात राहणाऱ्यांचं रक्षण करायचं, यालाच कायदा आणि सुव्यवस्था म्हणत असावेत. घराला रंग कधी लावणार, असं त्यानं विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे: प्रस्ताव लाइनीत आहे.

कुठल्या लाइनीला राहता?

मुंबईत हा प्रश्न पत्त्यासाठी विचारत नाहीत, पत्रिकेसाठी विचारतात. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तेव्हा या गाडीमुळं पुढं विवाह जमतील आणि मोडतील, असं कुणाच्या ध्यानीमनी नसणार. आज मुलगी वेस्टर्नची आणि मुलगा सेंट्रलचा म्हटल्यावर दोन्हीकडच्या मावश्या दादर स्टेशन डोळ्यांपुढं आणून गप्प होतात.

वेस्टर्नवाल्याचा असा समज असतो की सेंट्रल म्हणजे रविवारी बंद असणारी रेल्वे. रविवारी रूळ दुरुस्तीला घेतात, त्याला सेंट्रलवर मेगाब्लॉक म्हणतात आणि वेस्टर्नवर जम्बो ब्लॉक. खोळंबा तोच, पण वेस्टर्नचा जम्बो. हार्बरवाला या भांडणात पडत नाही, कारण त्याला कुणी विचारत नाही. दादरला दोन्ही लाइनींचे फलाट वेगवेगळे एक-दोन-तीन मोजले जायचे आणि बाहेरगावचा माणूस ‘तीन नंबर’ शोधत पूल चढून-उतरून अर्धा व्हायचा. ते आकडे सलग करायला २०२३ चा डिसेंबर उजाडावा लागला. आता वेस्टर्नचे १ ते ७, सेंट्रलचे ८ ते १४. आकडे जुळले. मावश्या अजून जुळायच्या आहेत.

मेट्रोनं लाइनींना आकडे आणि रंग दिले. कुलाब्यापासून आरेपर्यंत जमिनीखालून गेलेली ३३.५ किलोमीटरची लाइन ३, म्हणजे ॲक्वा लाइन, ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण धावू लागली. वातानुकूलित आहे, स्वच्छ आहे, लोक रांगेनं चढतात. मुंबईकराला तिथं जरा परक्यासारखं वाटतं.

कारण त्याची खरी विद्या वर लोकलमध्ये आहे. डोंबिवलीच्या माणसाला मुंबईला जायचंय आणि बसून जायचंय, तर तो आधी उलट्या दिशेनं कल्याणला जातो आणि तिथून बसून परत डोंबिवलीवरून पुढं जातो. पुढं जायला आधी मागं जावं लागतं, हे तत्त्वज्ञान लोकांना हिमालयात कळतं. डोंबिवलीकराला सकाळच्या सात-बाराला कळलेलं असतं. त्यासाठी तो पाऊण तास आधी उठतो. ज्याची लाइन नाही, तो झोप मोजतो.

रात्रीची लाइन

गावाकडं ‘लाइन आली का?’ असं विचारलं तर ना रूळ, ना रांग. शेतीपंपाला थ्री फेज वीज आली का, एवढाच त्याचा अर्थ. ती पाळीनं येते. काही दिवस दिवसाची लाइन, काही दिवस रात्रीची. दिवसा आली तर आठ तास, रात्री आली तर दहा. दोन तास जास्त मिळतात म्हणून रात्रीची बरी, असं हिशेब करणाऱ्यांना वाटत असावं. हिशेब करणारे रात्री झोपतात.

जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात हे जवळून बघायला मिळतं. मध्यरात्र उलटून गेलेली, लाइन येते, विहिरीवरचा ऑटो आपोआप मोटार चालू करतो. इथवर विज्ञान. पुढं माणूस. एका सरीचं पाणी भरलं की फावड्यानं माती ओढून दुसऱ्या सरीचं दार उघडायचं, त्याला दारं धरणं म्हणतात. ते ऑटोला येत नाही. मग घरातला एक जण कानाला मफलर, हातात बॅटरी, खांद्यावर फावडं असा बांधावर उभा. दोन्ही बाजूंना डोक्यावरून गेलेला ऊस. उसात बिबट्या आहे हे सगळ्या गावाला ठाऊक, म्हणून खिशातल्या मोबाइलवर मोठ्या आवाजात गाणी लावलेली. पाणी सरीच्या टोकाला पोचेपर्यंत हा खोकतो, गाणं बदलतो, उगीचच ‘हाऽऽट’ म्हणून ओरडतो. मधेच लाइन जाते. मोटार थांबते, पाणी थांबतं, अंधारात गाणं तेवढं चालू राहतं. घरी जावं तर पाठ फिरल्यावर लाइन येणार. म्हणून तो बांधावर बसून राहतो. तो लाइनीतच असतो, फक्त त्या लाइनीत पुढं कुणी नाही, मागंही कुणी नाही, आणि बाजूच्या उसात कोण आहे ते सांगता येत नाही.

सरकारी कागदावर हिला लाइन म्हणत नाहीत, वाहिनी म्हणतात. सौर कृषी वाहिनी नावाची योजना आहे. दिवसा वीज द्यायची, असा तिचा हेतू आहे. हेतूला नावं ठेवायला जागा नाही. टीव्हीवरच्या वाहिन्या मात्र चोवीस तास चालतात आणि त्यांच्यावर शेतकऱ्याला रात्री बिबट्यापासून काळजी घ्यायला सांगतात.

आणि लाइन गेली की ज्याच्या नावानं सगळं गाव ओरडतं, तो लाइनमन. भर पावसात खांबावर चढलेल्या या माणसाच्या आणि मरणाच्या मधे एक फोन असतो. उपकेंद्रातल्या माणसानं ‘लाइन बंद केलीय’ म्हणून सांगितलेलं. ती ऐकण्यातली किंवा सांगण्यातली चूक एकदाच होते. ४ मार्चला देशात लाइनमन दिवस साजरा होतो. फूल देतात, भाषण होतं, फोटो काढतात. फोटो झाला की तो पुन्हा शिडी खांद्यावर घेतो. ज्याच्या हातात खरोखरची लाइन आहे, त्याची कुठंच लाइन नाही.

नळाची, हंड्यांची

पाइपलाइन हा ग्रामीण महाराष्ट्रातला प्रतिष्ठेचा शब्द आहे. ‘त्यांनी नदीवरनं पाइपलाइन केलीय’ याचा अर्थ: शिवारात ऊस आहे, सोसायटीचं कर्ज आहे आणि पोरीच्या लग्नात जेवण चांगलं होणार आहे. पाइपलाइन नसलेल्याचा अर्थ कुणी सांगत बसत नाही.

आपल्याकडं शिस्तीनं लाइनीत उभं राहायची अक्कल फक्त हंड्यांना आहे. टँकर यायच्या आधी दोन तास गल्लीत हंडे, कळश्या, पिंपं, तेलाचे रिकामे डबे एकामागोमाग एक. कुणी कुणाच्या पुढं घुसत नाही. टँकर आल्यावर माणसं येतात आणि मग लाइन मोडते.

२०१६ च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या ठिकाणी पाचपेक्षा जास्त माणसांनी जमू नये म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. पाण्याची लाइन कोरडी, म्हणून एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वे लाइननं पाणी आणलं. पहिल्या गाडीला दहा टाक्या, त्यांत पाच लाख लिटर. गाडीला नाव दिलं जलदूत. नळाला पाणी नसलं की गाडीला नाव चांगलं द्यावं लागतं.

पोरगं लाइनीला लागलं का?

बारावीचा निकाल लागला की घरोघर एक काका येतात. पेढा तोंडात टाकून विचारतात, ‘मग आता कुठल्या लाइनीला घालणार?’ हे ‘घालणार’ महत्त्वाचं. पोरगं स्वतः जात नाही, घातलं जातं.

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी केली आणि या लाइनीचं पीक माळरानावर उगवलं. आधी सहकारी कारखाना, मग शेजारी इंजिनिअरिंग कॉलेज. दोन्हीकडं गाळप चालतं. मधे डी.एड.ची लाइन आली. मास्तर व्हायला एवढी झुंबड उडाली की मास्तर जास्त आणि वर्ग कमी झाले. मग कॉम्प्युटरची लाइन. आता एमपीएससीची. पुण्यात पेठांतल्या अभ्यासिकेत टेबलावर पडदा लावून, पाण्याची बाटली ठेवून, भिंतीवर ‘आयुष्य बदलायचंय’ असं चिकटवून हजारो पोरं बसलेली असतात. परीक्षेची तारीख जाहीर व्हायची आहे. झालेल्या परीक्षेचा निकाल लागायचाय. लागलेल्या निकालावर कोर्टात तारीख पडलीय. ही बसून लावायची लाइन आहे.

‘आर्ट्सच्या लाइनीला गेला’ हे वाक्य अजूनही सुतकी आवाजात म्हणतात. ‘सिनेमाच्या लाइनीला गेला’ म्हणताना आवाज आणखी खाली जातो. पोरगं टीव्हीवर दिसायला लागलं की तोच आवाज वर येतो. राजकारणाच्या लाइनीचं वेगळं आहे. तिथं कुणाला घालावं लागत नाही. साहेबांचे चिरंजीव जन्मतःच लाइनीला लागलेले असतात. कार्यकर्ते लाइनीत.

मारणं आणि देणं

वयात आलेल्या महाराष्ट्रानं या शब्दाला दोन क्रियापदं जोडली. पोरगा लाइन मारतो. पोरगी लाइन देते. यातली गंमत अशी की ती लाइन देते हे जाहीर करायचा अधिकार मारणाऱ्याकडंच असतो. तिनं वर बघितलं, दिली. खाली बघितलं, लाजली म्हणजे दिलीच. बघितलंच नाही, तर भाव खाते, पण देणार. शिव्या घातल्या, तरी कट्ट्यावरच्या मित्रमंडळाचा निकाल ठरलेला: ‘भावा, फुल लाइन देतीय.’ असा एकतर्फी करारनामा सहकारी बँकेतसुद्धा होत नाही.

एकदा नकार आल्यावरही मागं-मागं फिरण्याला मराठी सिनेमा प्रेम म्हणत आला. कायदा २०१३ पासून गुन्हा म्हणतो. आधी भारतीय दंड संहितेतलं ३५४-ड कलम होतं, आता भारतीय न्याय संहितेचं ७८. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केलं तर पाच वर्षांपर्यंत. फोनवर, इंटरनेटवर पाळत ठेवली तरी तेच. तक्रार द्यायला ती मुलगी चौकीवर जाते. तिथं बाकावर आधीच चौघं बसलेले असतात, पाचवी ती. ज्यानं लाइन मारली त्याच्या काकांची मात्र चौकीत लाइन निघते.

निळी आणि लाल

गवंडी भिंतीच्या दोन टोकांना खिळे मारतो, लाइनदोरी ताणून बांधतो, बोटाच्या नखानं तिच्यावर टिचकी मारतो. दोरी कंप पावून स्थिर झाली की पहिली वीट ठेवतो. एखादी वीट दोरीबाहेर केसभर आली तरी थापीच्या दांड्यानं ठोकून आत घेतो. सरळ लाइन बघायची असेल तर या माणसाकडं बघावी. त्याच्या हातात असते तोवर लाइन सरळच असते.

नंतर ती कागदावर जाते. नदीकाठी दोन पूररेषा असतात. लोक त्यांना ब्लू लाइन आणि रेड लाइन म्हणतात. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधायचं नाही, दोहोंच्या मधे अटी पाळून बांधायचं. वाचायला सोपं आहे. नदीकाठी उभं राहून निळी कुठंय ते विचारा. बिल्डर एकीकडं बोट दाखवतो, महापालिका दुसरीकडं, पाटबंधारे तिसरीकडं. बोट न दाखवता फक्त नदी सांगते. कोल्हापूर-सांगलीला तिनं २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये सांगितलं. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांना २०२४ च्या जुलैमध्ये पहाटे उठवून सांगितलं. पंचवीस वर्षं आणि शंभर वर्षं यांतला फरक तिला कुणी समजावून दिलेला दिसत नाही.

पाणी ओसरल्यावर मंत्री येतात. पंचनामे होतात. घरात पाणी शिरलेले लोक मदतीच्या लाइनीत उभे राहतात. ज्यानं निळी लाइन सरकवली तो त्या लाइनीत नसतो. तो दुसऱ्या साइटवर असतो.

पक्षाची

पक्षाला लाइन असते. ती वरून येते. ‘पक्षाची लाइन काय आहे?’ असं प्रवक्ते चर्चेला बसण्याआधी फोनवर विचारून घेतात आणि मग जन्मापासून तेच मत असल्यासारखे बोलतात. संध्याकाळी वरून लाइन बदलली तर रात्री नऊच्या चर्चेत उलटं बोलतात. घसा तोच, शर्ट बदललेला.

ही लाइन आमदारानं ओलांडू नये म्हणून १९८५ साली राज्यघटनेला दहावं परिशिष्ट जोडलं. त्यात आधी सोय अशी होती की एक तृतीयांश आमदार एकदम निघाले तर ती फूट, आणि फुटीला माफी. २००३ मध्ये ती सोय काढली. आता दोन तृतीयांश आमदारांनी मिळून दुसऱ्या पक्षात जायचं ठरवलं तर ते विलीनीकरण. म्हणजे एकट्यानं लाइन ओलांडली तर तो पक्षांतर करणारा, घोळक्यानं ओलांडली तर लाइनच सरकली असं धरायचं. निकाल विधानसभेच्या अध्यक्षांनी द्यायचा. तो येईस्तोवर पुढची निवडणूक लाइनीत येऊन उभी असते.

मतदार? तो शाळेच्या व्हरांड्यात, भर उन्हात, हातात चिठ्ठी घेऊन. अर्थात लाइनीत.

ऑन आणि ऑफ

एके काळी घरात टेलिफोन यायला वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. लवकर हवा असेल तर खासदारांच्या कोट्यातून मिळायचा. टेलिफोनची लाइन मिळवायला आधी खासदाराकडं लाइन लागायची. गॅसच्या सिलिंडरलाही तोच मार्ग होता. पुढं मोबाइल आले, कोटे गेले, फोन स्वस्त झाले आणि सगळ्यांना वाटलं, लाइनीचा जमाना संपला.

मग २०१६ चा नोव्हेंबर आला. रात्री आठला पाचशे आणि हजारच्या नोटा बाद झाल्या. चलनात होत्या त्या नोटांच्या किमतीतला ८६ टक्के हिस्सा एका भाषणात गेला. अख्खा देश बँकेच्या दारात. एकच माणूस पुन्हा-पुन्हा येतो म्हणून बोटाला शाई लावायचं ठरलं. म्हातारे खुर्च्या घेऊन आले, बायका डबे घेऊन आल्या, चहावाल्याचा धंदा झाला, तोही उधारीवर. त्या सगळ्या लाइनीत आपण एकमेकांना बघत होतो. कोण दिसत नव्हतं तेही आपण बघत होतो.

आता सगळं ऑनलाइन आहे. २०१५ मध्ये राज्यात लोकसेवा हक्क कायदा झाला. दाखला ठरल्या मुदतीत मिळणं हा नागरिकाचा हक्क. हक्क ऑनलाइन, सर्व्हर डाउन. ऑनलाइन फॉर्म भरायला सेतू केंद्रावर ऑफलाइन लाइन. २०२४ साली लाडकी बहीण योजना आली तेव्हा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलच्या आवारात बहिणी उभ्या. पुढच्या वर्षी ई-केवायसी निघालं तेव्हा ओटीपीसाठी पुन्हा त्याच बहिणी उभ्या. ओटीपी येतो तेव्हा साइट बंद, साइट चालू होते तेव्हा ओटीपीची मुदत संपलेली. हेल्पलाइनला फोन लावावा तर एक गोड आवाज सांगतो की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे आणि तुम्ही रांगेत आहात. खुर्चीत बसून, पंख्याखाली, चहा पीत लाइनीत राहता येतं. एवढी प्रगती मान्य करावी लागेल.

आणि अशा प्रत्येक लाइनीच्या तोंडाशी एक माणूस असतो. तो लाइनीत नसतो, त्याची आत लाइनही नसते. तो थेट खिडकीत मान घालून म्हणतो, ‘नुसतं विचारायचंय.’ मागची पन्नास माणसं एकसुरात ओरडतात. तो मागं वळून, दुखावल्यासारखा, ‘विचारतोय फक्त!’ म्हणतो. विचारता-विचारता त्याचा फॉर्म आत गेलेला असतो. महाराष्ट्रातला हा एकमेव स्वयंरोजगार, ज्याला भांडवल लागत नाही.

देवाची

देवाला सगळे सारखे. देवळाचं वेगळं असतं. तिरुपतीला तीनशे रुपयांत लवकर दर्शनाची लाइन आहे. लालबागला नवसाची लाइन वेगळी, मुखदर्शनाची वेगळी, आणि ज्यांची लाइन आहे ते कुठल्याच लाइनीत न दिसता थेट पायांपाशी दिसतात, तेही सहकुटुंब, कॅमेऱ्याकडं बघत.

पंढरपूरला आषाढीत दर्शनाची रांग गोपाळपूरच्या रस्त्याला पत्राशेडच्या बाहेर जाते. पावसात, चिखलात, डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन माणसं दिवसरात्र उभी. आधी पंधरा-वीस दिवस चालून आलेली, मग उभी. तिथं ‘नुसतं विचारायचंय’ असं कुणी म्हणत नाही, कारण विचारायचं काही नसतं.

एकादशीच्या पहाटे शासकीय महापूजा होते. मुख्यमंत्री सपत्नीक येतात. आणि त्या वेळी रांगेतल्या वारकरी जोडप्यालाही पूजेला शेजारी बसवतात. त्यांना मानाचे वारकरी म्हणतात. राज्यातली सगळ्यांत मोठी लाइन ज्याची, तो आणि त्या रात्रीच्या सगळ्यांत लांब लाइनीत जे उभे होते, ते एकाच गाभाऱ्यात, एकाच विठोबापुढं, खांद्याला खांदा लावून. आमचा नियम मोडणारं एवढं एकच उदाहरण सापडलं, आणि तेही वर्षातून एकदाच.

पूजा झाली की त्या जोडप्याचा सत्कार होतो. शाल, श्रीफळ, विठ्ठल-रखुमाईची मूर्ती. आणि एवढा वेळ लाइनीत उभं राहिल्याबद्दल सरकारतर्फे मानाचं बक्षीस: वर्षभर एसटीनं फुकट फिरायचा पास.

त्या एसटीत जागा मिळवायला खिडकीतून रुमाल टाकावा लागतो.